चौदा पॉइंटांची मजुरी

मी, पुढारी मिस्त्री या नावाने ओळखला जाणारा, वय बावन्न वर्षे, धंदा नळजोडणी व सांडपाण्याची कामे, राहणार पाण्याच्या उंच टाकीमागील वस्ती, दुसरी गल्ली, शिवणकामाच्या दुकानावरची खोली, आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व दोन मुलींसह राहतो. नळकामाचा धंदा सव्वीस वर्षे करतो. नळकाम करणाऱ्यांच्या संघटनेचा सात वर्षांपासून अध्यक्ष आहे. सभेत मी बोलतो, म्हणून लोक पुढारी म्हणतात. माझ्यावर यापूर्वी कोणताही गुन्हा दाखल नाही.

टेकडीकडील रस्त्यावरच्या नवीन बंगल्याच्या मालकांनी आज दुपारी बारा वाजता माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मजुरीच्या बाकीवरून वाद घालून मी त्यांच्या शॉवरच्या मिक्सरमधील भाग चोरून नेला, अशी ती तक्रार आहे. ती मला वाचून दाखविली. त्यातील भाग काढून नेल्याची गोष्ट खरी आहे. मजुरीची गोष्ट खोटी आहे. मजुरीची एक दमडीही बाकी नाही. मागितली त्याहून जास्त मजुरी मला मिळाली आहे. त्या जास्तीच्या मजुरीविषयीच मला सांगायचे आहे.

गेल्या महिन्याच्या दोन तारखेला सकाळी दहा वाजता मालकांनी मला बंगल्यावर बोलावले. बांधकाम पूर्ण झाले होते, फरशी व्हायची होती. मालकांचे वय अंदाजे अठ्ठावन्न. ते मोठ्याने बोलत नाहीत. त्यांच्या बरोबर त्यांची थोरली बहीण होती, वय अंदाजे सदुसष्ट. तिला सर्वजण ताई म्हणतात, मीही म्हणतो. ताईंचा डावा पाय काम देत नाही. चाकाच्या खुर्चीत असतात. धरून उभ्या राहतात, पण दोन पावलांच्या वर चालवत नाही. शॉवर ताईंसाठी करायचा आहे, असे मालकांनी सांगितले.

काम पुढीलप्रमाणे होते. तळमजल्यावर ताईंच्या झोपायच्या खोलीला लागून सहा फूट बाय पाच फूट जागा. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत जाड काच, काचेचेच दार, कडांना रबर. मध्यभागी भिंतीला दगडी बैठक. वर एक मोठा शॉवर, अंगावर पाणी मारणारी सहा तोंडे, एक हातातला शॉवर. आमच्याकडे मजुरी पॉइंटावर असते. पाणी जिथे येते, जिथून जाते, ते प्रत्येक ठिकाण म्हणजे एक पॉइंट. मिक्सरचे दोन, बॉयलरचे दोन, सांडपाण्याचे दोन धरून असे चौदा पॉइंट झाले. भिंत फोडणे, भिंतीत बुजवायची लाइन टाकणे, चोवीस तास दाब देऊन ती तपासणे, हे सगळे मिळून मी तीस हजार मजुरी सांगितली. चोवीसवर यायची माझी तयारी होती. तीस सांगावे आणि चोवीसवर यावे, अशी रीतच पडली आहे. सव्वीस वर्षांत मजुरीचा आकडा ऐकून मान न हलवलेला माणूस मी पाहिला नव्हता. दगड कितीही महाग असो, लोक मुकाट घेतात. तो बसवणाऱ्या हाताचे मात्र बोट बोट मोजतात. दगडाला भाव असतो आणि हाताला…

येथे जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "मिस्त्री, सभा नंतर घ्या. मजुरी किती ठरली ते सांगा."

मजुरी चाळीस हजार ठरली. मी तीस म्हणालो, मालक म्हणाले, "चाळीस लिहा."

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "साहेब, तीस म्हटलं मी."

मालक म्हणाले, "ऐकलं. चाळीस लिहा. मला घासाघीस आवडत नाही. फक्त मी सांगीन तसं करायचं आणि का, ते विचारायचं नाही."

ताई खुर्चीतून म्हणाल्या, "घ्या हो पुढारी, देणारा देतोय. लहानपणी माझ्या ताटातला लाडू यानं कधी सोडला नाही, तो आज हजार हजार वाटतोय. म्हातारपणी सुचलंय बिचाऱ्याला." मालक हसले नाहीत. मी हसलो.

अर्धी रक्कम त्याच दिवशी मिळाली. त्या रविवारी संघटनेच्या सभेत मी या मालकांचे उदाहरण दिले. मजुरी न घासणारा मालक आपल्या गावात आहे, असे सांगितले. टाळ्या पडल्या. हे मी लपवत नाही. जिथे मान मिळतो तिथे प्रश्न विचारायचे नाहीत, असे मी सभेत म्हणालो नाही, पण वागलो तसा.

तीन तारखेपासून काम सुरू केले. मी व माझा भागीदार, वय सत्तेचाळीस, दोघेच होतो. सहा तारखेला मिक्सरची जागा ठरली. गरम व गार पाणी ज्यात मिसळते आणि ज्याच्या दांड्याने पाणी चालू-बंद होते, तो मिक्सर. मालकांनी तो काचेच्या बाहेरच्या भिंतीवर मागितला. ही मागणी वेगळी नाही. बाहेर उभे राहून पाणी ठीक करावे आणि मग आत जावे, म्हणून पुष्कळ लोक असे करतात. मी म्हणालो, बाहेर लावतो, पण आत बैठकीजवळ एक बंद करायचा कॉकही देतो. पंधरावा पॉइंट, त्याची मजुरी नको.

मालक म्हणाले, "आत काही नको."

त्या दिवशी दुपारी मालक बाहेर गेले असता ताईंनी मला बोलावले. त्या म्हणाल्या, "पुढारी, आंधळ्याच्या हातात काठी असते ना, तशी माझ्या हाताशी एक चावी ठेवा हो. आत बसल्यावर पाणी बंद करता यावं एवढंच."

मी म्हणालो, "तुमच्या भावांना सांगा ना."

ताई म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे, किल्ल्या त्याच्याकडे आहेत. माझं जुनं घर विकून हे बांधलं. आता सांगायचं म्हणजे मागायचं झालं." नंतर म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही लावून टाका, मी म्हणेन मिस्त्री विसरभोळा आहे, चुकून लागली."

मी बैठकीच्या उजव्या हाताला, टेकून बसल्यावर बोटे पोचतील इतक्या उंचीवर, कॉकसाठी लाइन काढून ठेवली. आठ तारखेला सकाळी कामावर आलो तेव्हा त्या जागेवर फरशी बसलेली होती. फरशीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "मालक स्वतः उभे राहिले होते. म्हणाले, भोक बुजव आणि वर फरशी टाक. मीपण बोललो नाही काही. मलापण घासाघीस न करता दिलंय."

दहा तारखेला सहा तोंडांची उंची ठरली. ही तोंडे उभ्या माणसाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लावतात. मालकांनी खुर्चीतील ताईंची मापे घेऊन ती बसलेल्या माणसाच्या अंगाला धरून लावून घेतली. ताईंना उभे राहवत नाही, म्हणून मला ते योग्य वाटले. सहाही तोंडे बैठकीकडे आहेत.

चौदा तारखेला मिक्सर आला. तो परदेशी बनावटीचा आहे. अशा मिक्सरला आतून एक लाल कडी असते. दांडा गरमकडे फिरवला तरी ठराविक जागी ती अडवते, म्हणजे पाणी अंग भाजेल इतके गरम येत नाही. मालकांनी ती कडी काढून टाकायला सांगितली. म्हणाले, "पाणी कोमटच येतं. ताईला थंडी वाजते."

मी म्हणालो, "साहेब, कडी काढली तर बॉयलरमध्ये असेल तेवढं गरम थेट अंगावर येईल."

ते म्हणाले, "बॉयलर माझ्या ताब्यात आहे." आणि दोन हजार वेगळे दिले.

दहा मिनिटांचे काम होते. कडी मी काढली. माझ्या हाताने काढली. दोन हजार मी घेतले. तेव्हा मालक मला म्हणाले, "तुम्ही कामगारांचे पुढारी ना? मजुरी पुरेशी असली की प्रश्न आपोआप संपतात, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?" मी मिक्सरचे पेच आवळले.

काल, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता काम सुपूर्द करायचे होते. आमच्यात एक पद्धत आहे. पहिले पाणी मिस्त्रीने स्वतःच्या अंगावर घ्यायचे. गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्यांदा काय पडेल, ते आधी आपल्या अंगावर पडले पाहिजे. माझ्या वस्तादांनी मला हे शिकवले आणि मी शिकवलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवले. भागीदार गच्चीवर टाकीजवळ होता. ताई पुढच्या खोलीत होत्या. त्यांच्या सोबतीला रोज येणारी बाई त्यांचे केस विंचरत होती. मी बाह्या वर करून आत गेलो, दार ओढून घेतले आणि बाहेर मिक्सरपाशी उभ्या असलेल्या मालकांना खुणेने सांगितले, गार सोडा.

गार पाणी आले. सर्व तोंडे बरोबर चालत होती. मी अंगठा वर केला. मालकांनी दांडा गरमकडे नेला आणि शेवटपर्यंत नेला.

मला अंदाजे सहा सेकंदांत चटका बसला. मी बंद करा म्हणून ओरडलो. काचेतून मालक मला दिसत होते आणि मी त्यांना दिसत होतो. ते मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. मी दार ढकलले. दार बाहेर उघडते. ते उघडले नाही. दाराच्या तळाशी मालकांचा बूट होता. तो मुद्दाम होता असे मी म्हणत नाही. बूट होता, एवढे म्हणतो.

सहाही तोंडे मीच बसविली असल्याने कोणत्या कोपऱ्यात पाणी पोचत नाही, हे मला ठाऊक होते. दाराच्या डाव्या हाताला हातभर जागा आहे. मी तिथे अंग चोरून उभा राहिलो. बैठकीपासून ती जागा ताईंच्या चार पावलांवर आहे.

त्यानंतर पाणी बंद झाले. मी बाहेर आलो. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत फोड आले. दवाखान्याचा कालच्या तारखेचा कागद सोबत दिला आहे.

मालक म्हणाले, "माफ करा मिस्त्री, गरम यायला किती वेळ लागतो ते बघत होतो. तुम्ही ओरडलात का?"

मी म्हणालो, "ओरडलो म्हणजे काय, घसा फाटला माझा."

मालक म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं नाही. काच चांगली बसलीय." थोडे थांबून म्हणाले, "परत एकदा आत जाऊन ओरडून दाखवा बरं. पाणी नाही सोडत."

मी आत गेलो, दार ओढले आणि ओरडलो. चाळीस हजार ठरलेले होते, काम सुपूर्द करायचे होते, आणि गिऱ्हाईक तपासून मागत होते. सव्वीस वर्षे गिऱ्हाइकाने तपासून मागितले की मी तपासून देतो. मी बाहेर आलो तेव्हा मालक पुढच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. म्हणाले, "तिथंही नाही येत आवाज. छान झालंय काम." त्यांनी उरलेली सर्व मजुरी तिथेच मोजून दिली आणि माझ्याकडून पावती घेतली. त्या पावतीची दुसरी प्रत हवालदारांना दाखविली आहे. तिच्यावर 'संपूर्ण मजुरी पोचली' असे लिहून मालकांची व माझी सही आहे.

काल मी कोणाकडे तक्रार केली नाही. घरी पत्नीने विचारले, हाताला काय झाले. मी म्हणालो, कामात होते असे. ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत नाही झालं ते?" मी जेवलो नाही.

आज, बुधवारी, सकाळी साडेनऊ वाजता हत्यारे आणायला मी बंगल्यावर गेलो. मालक बाहेर गाडी धूत होते. ताई खिडकीशी होत्या. त्या म्हणाल्या, "या पुढारी. हाताला पट्टी कसली? टाळ्या वाजवून वाजवून सोलला का?" मग म्हणाल्या, "उद्यापासून मी तुमच्या त्या राजेशाही न्हाणीत बसणार. आमच्या बाईला भावानं आजपासून रजा दिली. म्हणाला, आता तिचं काय काम? खुर्चीतून बैठकीवर ठेवलं की झालं, पाणी मीच सोडीन. जन्मात पेलाभर पाणी आणून दिलं नाही मला, आणि आता बघा." हे बोलताना त्या हसत होत्या, पण फणी धरलेला हात थांबला होता. मग त्यांनी हळू विचारले, "चावी लावली होती ना हो तुम्ही? मला सापडली नाही."

मी म्हणालो, "ताई, उद्या नका बसू आत."

त्या म्हणाल्या, "नाही कसं म्हणू? काय म्हणून नाही म्हणू?"

मी हत्यारे घ्यायला आत गेलो आणि मिक्सरची चार पेच असलेली तबकडी उघडून आतला भाग काढून घेतला. त्याला आम्ही कार्ट्रिज म्हणतो. मुठीत मावेल एवढा असतो. तो नसला की मिक्सरमधून ना गार येते ना गरम. तबकडी परत बसवली. सुमारे दहा वाजून पाच मिनिटांनी मी निघालो. मालकांनी विचारले, "सगळं घेतलंत ना?" मी म्हणालो, "घेतलं." ही चोरी असेल तर ती मी केली आहे.

तेथून मी सरळ संघटनेच्या खोलीवर गेलो आणि हजर असलेल्या एकवीस मिस्त्रींना सांगितले की, त्या बंगल्यावर कामाला बोलावणे आले तर जाऊ नये, कितीही मजुरी देऊ केली तरी. संघटनेबाहेरही मिस्त्री आहेत, हे मला माहीत आहे.

हवालदारांनी मला विचारले की, मालकांनी ताईंना काही इजा केली का? नाही. धमकी दिली का? माझ्यासमोर नाही. मग गुन्हा काय? हवालदार म्हणाले, "अहो, झकास न्हाणी बांधणं हा काही गुन्हा आहे का?" मी सांगितले की, एकेक गोष्ट सुटी घेतली तर कशातच काही नाही. मिक्सर बाहेर असतो. कॉक नसला तरी चालतो. कडी लोक काढतात. काच जाड असावीच. बाईला रजा देता येते. मीही एकेक गोष्ट सुटी घेतली आणि प्रत्येकीची मजुरी घेतली. फरशीवाल्याने त्याची घेतली, काचवाल्याने त्याची घेतली. संपूर्ण काम एकट्या मालकांच्या डोक्यात होते.

चार वाजून दहा मिनिटांनी हवालदारांनी माझ्यासमोर बंगल्यावर फोन लावला आणि ताईंना बोलवायला सांगितले. आवाज मलाही ऐकू येत होता.

हवालदार म्हणाले, "ताई, तुमची कुणाविरुद्ध काही तक्रार आहे का?"

ताई म्हणाल्या, "नाही."

"भाऊ त्रास वगैरे देतात?"

"नाही. मला काही त्रास नाही."

"भाऊ जवळ आहेत का आत्ता?"

"हो. खुर्चीमागं उभा आहे." मग म्हणाल्या, "मिस्त्रींना मारहाण करू नका." फोन बंद झाला.

त्यानंतर हवालदारांनी मला समजावून सांगितले की, मजुरीच्या वादातून, रागाच्या भरात भाग नेला, तो परत देतो व माफी मागतो, एवढे लिहून दिले तर मालक तक्रार मागे घ्यायला तयार आहेत आणि मला आजच घरी जाता येईल. हवालदार मला म्हणाले, "दोन मुली आहेत ना घरी? कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय?" ते माझ्या भल्याचे बोलत होते, हे मला कळते. परंतु मी तसे लिहून देत नाही. मजुरीचा वाद होता असे आज या कागदावर आले, तर पुढे त्या न्हाणीत काही घडल्यावर तो बिघाड चिडलेल्या मिस्त्रीने केलेला ठरेल, आणि त्या कागदावर माझीच सही असेल. मालकांनी चाळीस हजार कशाचे दिले, हे मला आज या खुर्चीत बसल्यावर समजले. तक्रार कशी लिहिली आहे ते ऐकल्यावर समजले: काम त्यांच्या मनासारखे व्हावे आणि दोष माझ्या नावावर पडावा, याचे.

सदर भाग या गावात मिळत नाही. मागविल्यापासून यायला अठरा दिवस लागतात. भिंत फोडून दुसरा मिक्सर बसवायचा तर फरशीसह चार दिवस लागतात. म्हणजे ताईंकडे कमीत कमी चार दिवस आहेत. तेवढ्यात कोणीतरी, शक्यतो महिला पोलिसाने, मालक समोर नसताना ताईंशी बोलावे, सोबतीच्या बाईला परत बोलवावे आणि बैठकीच्या उजव्या हाताची फरशी फोडून पाहावी. मागे माझी बुजविलेली लाइन सापडेल. त्या लाइनीची मजुरी मी घेतलेली नाही.

माझा हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखविला. मी सांगितला तसाच तो आहे. काढून नेलेला भाग कोठे ठेवला आहे, असे मला तीन वेळा विचारण्यात आले. तिन्ही वेळा मी उत्तर दिले नाही, हेही बरोबर लिहिले आहे. मला अटक होऊ शकते, हे समजावून सांगितले आणि मला समजले. उजव्या हाताला पट्टी असल्याने डाव्या हाताने सही करीत आहे. वेळ सायंकाळी चार वाजून पंचेचाळीस मिनिटे.